वैमानिकाचे आरोग्य व निर्णयशक्ती

वैमानिकाचे आरोग्य व निर्णयशक्ती : विमान चालविणाऱ्या मनुष्याची इंद्रिये, शरीरप्रकृती, निद्रा, मनोवृत्ती आणि सहकाऱ्यांशी असलेला त्याचा व्यवहार यांचा उड्डाणाच्या सुरक्षिततेवर जो परिणाम घडतो, त्याचा विचार करणारी विमानविद्येची शाखा. ‘मानवी घटक’ या नावानेही ती परिचित आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या सरहद्दीपलीकडे गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या धावपट्टीवर आज नवे वैमानिक तयार केले जातात, आणि १८ मार्च २०२३ रोजी तेथून निघालेले एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्याच्याच डोंगराळ भागात कोसळून शिक्षक व शिकाऊ वैमानिक असे दोघेही मृत्युमुखी पडले, तेव्हापासून हा विषय या मुलुखाला केवळ पुस्तकातला राहिलेला नाही.

मनुष्याची देहरचना जमिनीवर चालण्यासाठी झालेली आहे, हे या शास्त्राचे मूळ गृहीत होय. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव शरीर वळू लागताच मागे रेंगाळतो, त्यावरून वळण कळते. परंतु तेच वळण एकसारखे चालू राहिले तर थोड्याच अवधीत द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो, वळणाची जाणीव लोपते, आणि पुढे विमान सरळ केले असता ते उलट दिशेला वळत असल्याचा भास होतो. दिवसा क्षितिज दिसत असल्यामुळे डोळा कानाची ही चूक दुरुस्त करतो. ढगात किंवा अंधाऱ्या समुद्रावर तो आधार तुटतो, आणि मग उपकरणांखेरीज दुसरा विश्वासू साक्षीदार उरत नाही. हा साक्षीदारच खोटे बोलू लागला तर काय घडते, हे मुंबईने १ जानेवारी १९७८ च्या रात्री पाहिले. सांताक्रूझहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उजवे वळण पुरे करून सरळ झाले, तरी मुख्य वैमानिकापुढील कलदर्शक उपकरण बिघडून विमान उजवीकडेच कललेले दाखवीत राहिले. समोर अरबी समुद्राचा काळोख असल्याने ते पडताळून पाहण्यास क्षितिज नव्हते, आणि ते खरे मानून त्यांनी विमान डावीकडे झुकवीत नेले. जमीन सोडल्यापासून दोन मिनिटे होण्यापूर्वीच ते वांद्र्याच्या समुद्रात कोसळले व आतील २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. दुसरी उपकरणे तेथेच, हाताच्या अंतरावर होती. पण भांबावलेले मन ज्याच्याकडे आधी पाहते त्यालाच धरून बसते, आणि या शास्त्रातील अर्धेअधिक शिक्षण ही पकड सोडविण्याचे आहे.

प्राणवायूची न्यूनता याहूनही फसवी असते. सुमारे २५,००० फुटांवर कृत्रिम पुरवठा नसेल तर योग्य कृती करण्याइतकी शुद्ध ३ ते ५ मिनिटेच टिकते, आणि त्या अवधीत माणसाला आपण उत्तम स्थितीत आहोत असेच वाटत असते.

आरोग्याच्या बाबतीत भारतात ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी व उड्डाणापूर्वी बारा तास मद्यवर्जन हे सक्त नियम आहेत. १९५७ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेली वैमानिकीय वैद्यकाची संस्था या अभ्यासाचे देशातील प्रमुख केंद्र होय. तथापि तपासणी त्या दिवसापुरती साक्ष देते. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर एक वैमानिक पुण्याच्या उड्डाणापूर्वी प्रवेशद्वाराशीच कोसळून निवर्तले. थकव्याविषयीचे नियम २०२४ मध्ये सुधारण्यात येऊन साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली. ही सुधारणा फार आधी व्हावयास हवी होती. त्याहून अवघड प्रश्न लपविलेल्या आजाराचा आहे. वैद्यकीय दाखला गेला की उपजीविका गेली, अशी जेथे धास्ती असते, तेथे मनुष्य आपले दुखणे डॉक्टरांपासून दडवितो. हा केवळ शीलाचा दोष मानणे मला अन्यायाचे वाटते. आजार कबूल करणाऱ्याच्या वेतनाची व पुनःप्रवेशाची तजवीज झाल्यावाचून कबुलीची अपेक्षा करू नये.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोड येथे झालेल्या विमान अपघातात हे सारे धागे एकत्र आले. मुसळधार पाऊस, मागून वाहणारा वारा, पहिल्या प्रयत्नात मुख्य वैमानिकाच्या बाजूचा बंद पडलेला वायपर, आणि दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाला वेळेवर हजर राहण्याचे मनावरील ओझे. शिवाय, मुख्य वैमानिक मधुमेहावरील औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून घेत होते व रक्तातील साखर उतरून त्यांचा निर्णय मंदावला असण्याचा संभव आहे, असे चौकशी अहवालात नमूद आहे. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले, ती ओलांडून खाली कोसळले, आणि २१ माणसे गेली. सहवैमानिकांनी पुन्हा वर जाण्याचा इशारा दिला होता. तो मानला न गेल्यावर नियंत्रण स्वतःकडे घेणे हे त्यांचे विहित कर्तव्य होते, ते घडले नाही, असेही अहवाल म्हणतो. वडीलधाऱ्यांपुढे आवाज न चढविण्याचे वळण आपल्याकडे बालपणापासून लावले जाते, आणि घरात ते शोभतेही. कॉकपिटमध्ये मात्र १९७७ च्या टेनेरिफे येथील विमान दुर्घटनेतील ५८३ बळींनंतर जगभर रुजलेले ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे शिक्षण धाकट्याला नेमके उलट शिकविते : आधी सांगावे, पुन्हा सांगावे, आणि तरीही उत्तर न आल्यास हात पुढे करून विमान आपल्या ताब्यात घ्यावे.