चेल्टनहॅमपूर्वीची पागा

घोड्यांच्या शर्यतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. मुंबईतील महालक्ष्मी आणि पुणे येथील रेसकोर्समुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा असलेला प्रकार सपाट मैदानावरील निव्वळ वेगाचा आहे, तर इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये हिवाळ्यात भरणारा दुसरा प्रकार वाटेतील अडथळ्यांवरून उड्या मारत पार करण्याचा आहे. हे अडथळे झुडपांच्या फांद्यांचे उंच व भक्कम असले तर शर्यतीला ‘स्टीपलचेस’ म्हणतात आणि हलक्या, आपटल्यास कलणाऱ्या चौकटींचे असले तर ‘हर्डल’ म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी बटव्हन्टच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, मनोऱ्यावर नजर ठेवून वाटेतील कुंपणे आणि ओढे ओलांडत, सुमारे साडेचार मैल घोडे पिटाळले आणि या प्रकाराला नाव मिळाले असे परंपरा सांगते.

या शर्यतींचा सर्वांत मोठा उत्सव दरवर्षी मार्चच्या मध्यावर इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे भरतो. त्या गावात शर्यती आल्या त्या मात्र सपाटीच्या. १८१९ साली क्लीव्ह टेकडीवर धावला गेलेला पहिला ‘गोल्ड कप’ सपाट शर्यतीचाच होता. पुढे फ्रान्सिस क्लोज या धर्मोपदेशकाने जुगार आणि मद्यपानाविरुद्ध गाव पेटवले आणि १८३० मध्ये प्रेक्षकांचा सज्जा जाळला गेला. अडथळ्यांच्या शर्यतींचा वार्षिक मेळा १९११ पासून प्रेस्टबरी पार्क येथे कायमचा स्थिरावला, स्टीपलचेसचा गोल्ड कप १९२४ मध्ये आणि ‘चॅम्पियन हर्डल’ १९२७ मध्ये सुरू झाली. तरीही आरंभीच्या काळात गोल्ड कपकडे लिव्हरपूलच्या ‘ग्रँड नॅशनल’ या स्टीपलचेसची रंगीत तालीम म्हणूनच पाहिले जाई. संपूर्ण वर्षाची आखणी मार्चमधील त्या मोजक्या दिवसांकडे तोंड करून करण्याची पागांची रीत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे, आणि तिचा इतिहास मैदानावरच्या नोंदींपेक्षा तबेल्यातल्या दिनक्रमात अधिक स्पष्ट वाचता येतो.

हे वर्ष उन्हाळ्यात सुरू होते. हंगाम संपल्यावर घोड्यांची चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, तोडून त्यांना कुरणात सोडले जाई आणि जुलै-ऑगस्टमध्ये पोटे सुटलेली ही जनावरे पुन्हा पागेत आणली जात. त्यानंतरचे कित्येक आठवडे त्यांना कठीण रस्त्यांवरून केवळ चालवत आणि दुडकवत नेत, कारण पायांच्या हाडांना आणि कंडरांना बळकटी येण्यासाठी सावकाश, कंटाळवाण्या श्रमाला पर्याय नाही अशी जुन्या प्रशिक्षकांची श्रद्धा होती. मग चढावरील गवतावर मध्यम दौड, मग अडथळ्यांचा सराव आणि ऑक्टोबरपासून प्रत्यक्ष शर्यती असा हा क्रम चाले. बर्कशायरमधील लॅम्बर्न हे गाव या धंद्याचे माहेरघर बनले ते भोवतालच्या खडूच्या टेकड्यांमुळे. पाऊस पडला तरी पाणी चटकन मुरत असल्याने तेथील गवत टापांखाली लवचीक राहते.

घोड्याची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्याला इंग्रजीत ‘लॅड’, म्हणजे पोरगा, म्हणत, मग तो साठीचा का असेना. आपल्याकडील मोतद्दार आणि स्वार या दोघांची कामे तो एकटा करी. मराठ्यांच्या लष्करात स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार आणि पागेच्या घोड्यावर बसणारा बारगीर असा भेद होता. तो येथे लावायचा तर लॅड हा पक्का बारगीर होता, कारण घोडा धन्याचा आणि मेहनत मात्र त्याची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका लॅडकडे साधारणपणे दोन घोडे असत. पहाटे मुख्य लॅड सर्वांना चंदी घाली आणि कोणाच्या गव्हाणीत दाणे उरले हे पाही, कारण घोड्याचे काही बिनसल्याची पहिली खूण बहुधा तेथेच सापडे. मग लीद काढणे, खोगीर चढवणे आणि रांगेने टेकडीवर जाणे, न्याहारीनंतर दुसरी तुकडी आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा खरारा असा दिवस जाई. ओलसर गवत पिळून केलेल्या गुंडाळीने घोड्याच्या मानेवर आणि पुठ्ठ्यांवर लयीत थापट्या मारत त्याचे स्नायू घट्ट करण्याचे काम एकेका जनावरामागे तासभर चाले. पुढे माणसे कमी पडू लागली, एकाकडे तीन आणि त्याहून अधिक घोडे आले आणि ही मालिश जवळजवळ नामशेष झाली.

सायंकाळी प्रशिक्षक प्रत्येक कप्प्यात जाऊन घोड्याच्या पुढच्या पायांवरून हात फिरवी. गुडघ्याखाली हाडामागून जाणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, किंचित जरी गरम लागली तरी ती ताणली गेल्याचा संशय येई आणि खरोखर इजा झालेली असली तर हंगाम तेथेच संपे. उपचार म्हणून दीर्घकाळ पायांना तापल्या लोखंडाने डाग देत असत. प्रशिक्षकाचा हात दिवसातून एकदा फिरत असला तरी लॅडचा हात पहाटेपासून चार-पाच वेळा त्याच पायांवरून गेलेला असे, म्हणून फरक प्रथम कळे तो त्यालाच. फेब्रुवारीच्या अखेरीस पागेची काळजी आणखी वाढे. घोडा तयार करण्याचे काम तोवर झालेले असते. उरलेल्या तीन आठवड्यांत त्याला आणखी काही शिकवता येत नाही, बिघडवता मात्र येते. थोडे कमी केले तर सव्वातीन मैलांहून लांब आणि बावीस अडथळ्यांच्या गोल्ड कपमध्ये शेवटच्या चढावर दम तुटतो, आणि थोडे अधिक केले तर घोडा मैदानावर पोहोचण्यापूर्वीच उतरणीला लागतो. १९८३ मध्ये मायकेल डिकिन्सन या यॉर्कशायरमधील प्रशिक्षकाच्या पाच घोड्यांनी गोल्ड कपमधील पहिले पाचही क्रमांक पटकावले. त्या पराक्रमाची थोरवी पाच चांगले घोडे बाळगण्यात नसून पाचही घोडे एकाच दुपारी निरोगी उभे करण्यात आहे.

हवामानावर मात्र कोणाचाच इलाज चालत नसे. जमीन गोठली की सराव थांबे आणि मग तबेल्यातील वापरलेला पेंढा अंगणात वर्तुळाकार पसरून त्यावर घोडे तासन्‌तास फिरवले जात. गोल्ड कप १९३१ मध्ये जमीन गोठल्यामुळे आणि १९३७ मध्ये पुरामुळे झालाच नाही, तर १९४७ च्या भयंकर हिवाळ्यात तो एप्रिलपर्यंत लांबला. अशा वर्षी मार्चसाठी शिगेला आणलेला घोडा आणखी महिनाभर त्याच अवस्थेत टिकवणे हे मूळ तयारीपेक्षा अवघड काम होते.

प्रवास हाही पागेचाच प्रश्न होता. चेल्टनहॅमच्या मैदानाजवळ १९१२ मध्ये खास स्थानक उघडले गेले, पुढे मोटारगाड्या आल्या, परंतु आयरिश घोड्यांना समुद्र ओलांडण्याचा त्रास राहिलाच. १९४९ मध्ये व्हिन्सेंट ओब्रायन या आयरिश प्रशिक्षकाने तीन घोडे विमानाने आणले आणि तिघेही जिंकले.

तयारीच्या शास्त्रात खरी उलथापालथ घडवली ती मार्टिन पाइप याने. हा सट्टेवाल्याचा मुलगा धंद्याच्या परंपरेत वाढलेला नव्हता आणि कदाचित म्हणूनच त्याला रूढींचे ओझे नव्हते. सॉमरसेटमधील आपल्या पागेत त्याने कोणत्याही ऋतूत वापरता येणारी चढाची कृत्रिम धावपट्टी बांधली, एका दीर्घ दौडीऐवजी मध्ये विसावा देत अनेक छोट्या दौडी करवण्याची पद्धत रूढ केली आणि रक्ततपासणीसाठी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. १९८८-८९ च्या हंगामात त्याच्या घोड्यांनी २०८ शर्यती जिंकल्या आणि तो पंधरा वेळा सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक ठरला. आरंभी त्याच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांनी कालांतराने त्याचेच अनुकरण केले. रक्ताच्या तपासणीने लॅडची गरज संपली असे मात्र झाले नाही, कारण कोणत्या घोड्याचे रक्त केव्हा तपासायचे हे ठरवायला आधी त्याची सुस्ती कोणाच्या तरी लक्षात यावी लागते.

एवढे असूनही या माणसांची नावे इतिहासात क्वचितच येतात. १९६४ ते १९६६ अशी सलग तीन वर्षे गोल्ड कप जिंकणारा टॉम ड्रीपर या प्रशिक्षकाच्या पागेतील घोडा आर्कल आयर्लंडमध्ये इतका लोकप्रिय होता की ‘आर्कल, आयर्लंड’ एवढ्याच पत्त्यावर त्याला पत्रे पोहोचत. त्याच्या चंदीत कच्ची अंडी आणि गिनेस ही काळी बिअर असे, हेही सर्वांना ठाऊक होते. ती चंदी त्याच्यापुढे ठेवणाऱ्या जॉनी लम्लीचे नाव मात्र शौकिनांपलीकडे फारसे गेले नाही. याउलट मुख्य लॅडचे नाव सरकारी थाटात कागदावर येई, ते वेगळ्याच कारणाने. तेव्हा शर्यतींचे नियंत्रण करणारा जॉकी क्लब स्त्रियांना प्रशिक्षकाचा परवाना देत नसल्यामुळे स्त्रिया चालवत असलेल्या पागांचे परवाने त्यांच्या मुख्य लॅडच्या नावाने निघत. म्हणजे ज्या कामाचे श्रेय त्याचे होते तेथे त्याचे नाव नव्हते आणि जे पद त्याचे नव्हते तेथे ते लिहिले जात होते. फ्लॉरेन्स नेगल या प्रशिक्षिकेने हा प्रश्न न्यायालयात नेला आणि १९६६ मध्ये क्लबला नमावे लागले. अडथळ्यांच्या शर्यतीत व्यावसायिक पुरुषांबरोबर स्वार होण्याची मुभा स्त्रियांना १९७६ पासून मिळाली आणि २०२२ मध्ये रेचल ब्लॅकमोर ही गोल्ड कप जिंकणारी पहिली स्त्री स्वार ठरली. दरम्यान १९७५ मध्ये न्यूमार्केटच्या सपाट शर्यतींच्या पागांतील लॅडनी वेतनासाठी संप केला होता आणि पागेतील ‘पोरगा’ हा पगारी कामगार आहे, हे धन्यांना त्या वेळी चारचौघांत ऐकावे लागले.

शर्यतीपूर्वी घोडे प्रेक्षकांसमोर फिरवले जातात तेव्हा सर्वांत नेटका सजवलेला घोडा आणणाऱ्या सेवकाला एक लहानसे बक्षीस देण्याची प्रथा आहे. शर्यत सुटण्यापूर्वीच ठरणारे ते बक्षीस घोड्याच्या मालकाकडे जात नाही.