घटस्फोटानंतर मुलाचा आरोग्य विमा : हप्ता कोणी भरायचा?

विवाह बौद्ध पद्धतीने झाला असला तरी कायद्याच्या नजरेत बौद्धांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. कलम २ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे, पण आज कोर्टात चालतो तो हाच कायदा. विवाह नोंदणी विशेष विवाह कायद्याखाली झाली असेल तर १९५४ चा तो कायदा.

मुलाच्या पोटगीत औषधोपचार येतो का? येतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम ३ मध्ये निर्वाहाच्या व्याख्येतच वैद्यकीय उपचार आहेत, आणि कलम २० प्रमाणे ही जबाबदारी आई व वडील दोघांची आहे. विम्याचा शब्द कायद्यात नाही. म्हणूनच तो हुकूमनाम्यात लिहून घ्यावा लागतो.

वाटणी कशी करायची, याला पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा (२०००) या निकालाचा आधार आहे. दोघेही कमावते होते, वडिलांचा पगार आईच्या सुमारे दुप्पट होता; सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च २:१ वाटला. समजा, वडिलांची कमाई ३०,००० व आईची १५,००० आहे आणि मुलाचा वार्षिक हप्ता ९,००० येतो, तर ६,००० व ३,००० अशी मागणी रास्त ठरते. उत्पन्न लपवले जाते ही नेहमीची तक्रार. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) निकालापासून दोघांनाही मालमत्ता व देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

संमतीच्या अटी लिहिताना 'वडील वैद्यकीय खर्च करतील' एवढे मोघम वाक्य ठेवू नका. पॉलिसी कोणाच्या नावे, हप्ता कोणत्या तारखेपर्यंत, विम्यात न बसलेले बिल कोणत्या प्रमाणात, नोकरी गेल्यास पुढे काय, हे लिहा. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. आणि कार्ड बापाकडे, मूल आईकडे, अशी स्थिती असेल तर रात्री दवाखान्यात धावताना विमा असून नसल्यासारखा. कार्डाची प्रत आईकडे हवीच. सुरतेला कामाला जाणाऱ्या कुटुंबांनी तिथली कोणती रुग्णालये कॅशलेस आहेत तेही पाहावे.

खाजगी विमा परवडत नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून ती सर्व रेशनकार्डधारकांना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत लागू झाली. इथे खरी अडचण रेशनकार्डाची. घटस्फोटानंतर मुलाचे नाव बापाच्या कार्डावर तसेच राहते आणि आईची धावपळ होते. तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव कमी करून आईच्या कार्डावर चढवण्याचा अर्ज लगेच द्या. सोबत हुकूमनाम्याची प्रत जोडा.

आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून मोकळे होण्याची सवय आहे. रूढी सिद्ध झाल्याशिवाय कोर्ट असा कागद घटस्फोट म्हणून मानत नाही, आणि त्यात 'पोटगी मागणार नाही' लिहिले तरी मुलाचा हक्क जात नाही. जोडीदार आदिवासी असेल तर हिंदू विवाह कायदा सहसा लागत नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न येतोच. तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (जुने १२५) वापरावे. ते जातधर्म पाहत नाही. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो.

वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. महिला, मुले आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.