आठ आण्यांची चिठ्ठी

‘रोजच्या जगण्यातले मोह’ या विषयावर बोला असं सांगण्यात आलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे काम एखाद्या कीर्तनकाराचं. मोहाची नावं घरोघरी पाठ असतात. मधुमेह असून दुसरा पेढा उचलणं, पगाराच्या दिवशी नको असलेली साडी घेणं, शेजारचं भांडण भिंतीला कान लावून ऐकणं. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मला जमेल ते इतकंच, की एक शहर घ्यावं, एक मोह घ्यावा आणि त्याने दीडशे वर्षांत किती वेश बदलले ते सांगावं. शहर माझं, मुंबई. मोह आकड्याचा.

हा मोह मुंबईत जन्मला असं मुळीच नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. बायको दुरावलेली, सासू तिटकारा करते, सगळं कळतं. तरी बेहड्याच्या फाशांचा आवाज कानी आला की पाय तिकडेच वळतात. द्यूतसभेची गोष्ट तर लहान मुलांनाही ठाऊक. मुंबईने या जुन्या रोगात भर घातली ती कापसाची.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला. मग बँका निघाल्या, विमा कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका आणि २० विमा कंपन्या होत्या. बॅकबेची भरणी करू पाहणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, हे लक्षात घ्या! लोक समुद्राची खरेदी करत होते.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. पुढच्या तारखेचे सगळे सौदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी कोणाकडेच पैसे नव्हते. ज्यांच्या एका शब्दावर शेअर चढायचे ते प्रेमचंद रायचंदही बुडाले. मात्र त्याआधी, १८६४ साली, त्यांनी विद्यापीठाला चार लाख रुपये देऊन ठेवले होते. त्यातले दोन लाख ग्रंथालयासाठी आणि दोन लाख मनोऱ्यासाठी. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. परीक्षेचे पेपर घेऊन त्याच्याखालून जाताना मला नेहमी वाटायचं, एवढ्या मोठ्या हव्यासातून शहराच्या हाती काय उरलं, तर एक घड्याळ. ठीक आहे, घड्याळ उपयोगाचं असतं.

शेअर हा श्रीमंतांचा खेळ. गरिबाला परवडणारं काही हवं होतं, आणि मुंबईत फुकट मिळणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पाऊस. अमुक वेळेत छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैसे लागायचे. १८८७ साली जुगार प्रतिबंधक कायदा आला. त्यात पत्ते बसले, फासे बसले, पण पाऊस काही नीट बसेना. शेवटी १८९० साली दुरुस्ती करावी लागली. ढगाला जुगाराचं साधन ठरवण्याची पाळी आलेलं हे आपलं शहर.

पुढे पुन्हा कापूसच आला. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडणारे आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला यायचे. त्या भावाच्या शेवटच्या आकड्यावर पैसे लावायचे. ज्या गिरणी कामगाराच्या अंगाखांद्यावर दिवसभर कापूस चिकटलेला, तोच संध्याकाळी त्याच कापसाच्या आकड्याकडे डोळे लावून बसायचा. १९६१ साली न्यूयॉर्कहून आकडे येणं थांबलं. खेळ संपायला हवा होता. पण १९६२ साली, कच्छमधून येऊन वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांनी आकडा इथेच काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये रतन खत्री यांचा ‘न्यू वरळी’ मटका सुरू झाला. मडक्यात चिठ्ठ्या टाकून काढायच्या म्हणून मटका. पुढे मडकं जाऊन पत्ते आले, नाव तेच राहिलं.

तरुण श्रोत्यांसाठी रीत सांगतो. तीन पानं काढायची. समजा २, ५ आणि ८ निघाली. बेरीज १५, शेवटचा आकडा ५. हा झाला ‘ओपन’. रात्री उशिरा पुन्हा तीन पानं, समजा १, ३ आणि ४. बेरीज ८, हा ‘क्लोज’. जोडी झाली ५८. अशा शंभर जोड्या असतात आणि त्यातली एक लागते. लागली तर रुपयाला ऐंशी-नव्वद मिळायचे. उरलेले दहा-वीस कोणाचे, हे चौथीतल्या मुलालाही सांगता येईल. पण हा हिशेब खेळणाऱ्याच्या डोक्यात कधीच शिरत नाही. त्याच्या डोक्यात दुसरीच गणितं असतात. स्वप्नात साप आला तर कोणता आकडा, समोरून आलेल्या बसचा नंबर काय, देवळाबाहेरचा बाबा बोटं किती दाखवतो.

आता घरचं सांगतो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. दारू नाही, तंबाखू नाही. रोज आठ आण्यांचा आकडा मात्र होता. आईने कुरकुर केली की म्हणायचे, ‘‘अगं, लोक आठ आण्यांचा चहा पितात.’’ भिंतीवरच्या कालदर्शिकेवर प्रत्येक तारखेखाली ते लागलेला आकडा पेन्सिलीने लिहीत. चिठ्ठी नेऊन देण्याचं काम माझं. कोपऱ्यावर एका काकांची पानाची गादी होती. आमच्या गल्लीत तरी नेहमीच्या गिऱ्हाइकाला पावती वगैरे मिळत नसे. वहीत नाव आणि आकडा लिहिला की झालं. हा सगळा बेकायदा धंदा तोंडी शब्दावर चालायचा, आणि लागलेला पैसा दुसऱ्या दिवशी पैन् पै मिळायचा. मटक्याचं खरं भांडवल हेच होतं. पेढ्या बुडत, पण मटकेवाला शब्द मोडत नाही, असं लोक अभिमानाने सांगत.

जानेवारी १९७२. मी अकरा वर्षांचा. संक्रांत तोंडावर आली होती आणि माझ्याकडे मांजा नव्हता. हातात बाबांची चिठ्ठी आणि आठ आणे. मी मनाशी विचार केला : रोज चिठ्ठी जाते, रोज काही लागत नाही, मग आज नाही गेली तर काय बिघडलं? आज कळतं, तो विचार हिशेबाने अगदी बरोबर होता. काही छोटे बुकी हेच करत. आलेली चिठ्ठी पुढे पाठवायची नाही, पैसे स्वतःच ठेवायचे. त्याला ‘चिठ्ठी खाणं’ म्हणत. मी चिठ्ठी गटारात टाकली आणि मांजा घेतला.

त्या रात्री जोडी लागली.

चाळीसेक रुपये झाले असते. आमच्या खोलीचं तीन महिन्यांचं भाडं सुटलं असतं. सकाळी बाबा गादीवर गेले, मी मागे उभा. काका वही उलटीसुलटी करत म्हणाले, ‘‘चिठ्ठी आलीच नाय. पोरांची शपथ.’’ बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ‘‘माझा पोर खोटं बोलत नाय,’’ बाबा म्हणाले, ‘‘तू चिठ्ठी खाल्लीस.’’ चार माणसं जमली होती, त्यांनी ऐकलं. तोंडी शब्दावर चालणाऱ्या धंद्यात असं वाक्य पुरेसं असतं. गिऱ्हाइकं हळूहळू पलीकडच्या गल्लीत जायला लागली. मी शाळेला जाताना रस्ता बदलला.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये, हा हेतू सांगून राज्य सरकारने १९६९ सालीच स्वतःची लॉटरी काढली होती. चोरवाट बंद करण्यासाठी राजरस्ता बांधावा, तसं. लोक दोन्हीवरून चालू लागले. आणीबाणीत खत्री तुरुंगात गेले, बाहेर आले, मटका चालूच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणगावच उठलं. जिथून रोजचे आठ आणे यायचे तो झराच आटला. नव्वदीच्या दशकात पोलिसांनी अड्डे मोडत आणले. मग आकडा मोबाइलमध्ये शिरला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा मला १८९० सालचा पाऊस आठवला. पूर्वी निदान कोपऱ्यापर्यंत चालत जावं लागायचं, वाटेत कोणी ओळखीचं भेटायचं.

बाबा गेले तेव्हा मी पस्तिशीचा होतो. त्यांना मी काही सांगितलं नाही. काका त्याच्या कितीतरी आधी गादी मोडून गावी निघून गेले होते. बाबांच्या दिवसांनंतर एका दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती, तिला मात्र सगळं सांगून टाकलं. तिने मानही वर केली नाही.

‘‘मला ठाऊक होतं,’’ ती म्हणाली. ‘‘मांज्याने कापलेली तुझी बोटं मीच हळद लावून बांधली होती. मांजा कुठून आला, ते कळायला काय लागतं?’’

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

‘‘त्या भांडणानंतर चार महिने तुझ्या बाबांनी आकडा लावला नाही. चार महिने सगळा पगार घरी आला. मी कशाला तोंड उघडू?’’ तिने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. ‘‘त्या गादीवरून जाताना मात्र पदर पुढे ओढून घ्यायची.’’