कुत्र्याला घरी एकटं राहायची सवय कशी लावायची? क्रेट म्हणजे कोंडवाडा नव्हे

बारामती-इंदापूर भागात क्रेट म्हटलं की आधी डाळिंबाचा प्लास्टिकचा क्रेट आठवतो. कुत्र्याचा क्रेट म्हणजे दार असलेला तारेचा किंवा प्लास्टिकचा पिंजरा. त्याचा उपयोग कुत्र्याला हक्काची, शांत जागा देण्यासाठी असतो.

त्याची गरज का पडते?

वस्तीवर कुणी ना कुणी असतंच. पण शहरातल्या फ्लॅटमध्ये सगळे कामाला आणि शाळेत गेले की कुत्रं एकटं पडतं. मग ते भुंकतं, दार ओरबाडतं, घरात लघवी करतं. वैतागून काही जण त्याला मोकळं सोडतात. तो उपाय नाही. अपघाताची भीती असतेच, शिवाय इंदापूरच्या कडबनवाडी आणि बारामतीच्या शिर्सुफळ परिसरातल्या माळरानांवर लांडगे आहेत. मोकाट कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात.

सवय कशी लावायची?

1. क्रेटचं दार उघडं ठेवा. आत अंथरूण घाला, जेवण तिथेच द्या. कुत्र्याला आत ढकलू नका.
2. ते स्वतःहून आत बसू लागलं की काही सेकंद दार लावा. तुम्ही समोरच थांबा. ते शांत असतानाच दार उघडा.
3. मग खोलीबाहेर जा, नंतर घराबाहेर. आधी 1 मिनिट, मग 5, मग 10. घाबरलं तर मागच्या पायरीवर या.
4. चपला घातल्या, गाडीची किल्ली उचलली की कुत्र्याला तुम्ही निघालात हे कळतं. अधूनमधून किल्ली उचला आणि घरातच बसा.
5. निघताना मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. कुत्र्याची घालमेल बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते.

आकार आणि वेळ

क्रेटमध्ये कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे. तारेत अडकू नये म्हणून गळपट्टा काढा. मोठ्या कुत्र्याला दिवसा सलग 4 तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पिल्लाला त्याहून बराच कमी वेळ ठेवा, त्याला लघवी तेवढी धरता येत नाही. म्हणजे 8 तासांच्या ड्युटीला क्रेट पुरत नाही. तेव्हा एखादी सुरक्षित खोली द्या आणि मधे शेजाऱ्यांना किंवा नातेवाइकांना कुत्र्याला फिरवून आणायला सांगा.

उन्हाळ्यात जपा

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली किंवा उन्हाच्या गॅलरीत ठेवलेला क्रेट जीवघेणा ठरू शकतो. लाइट गेली तरी हवा खेळेल अशीच जागा निवडा. पाणी आतच ठेवा.

कायदा काय सांगतो?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 नुसार पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहे. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला न फिरवणं हाही गुन्हाच.

क्रेट कधी वापरू नये?

आत ठेवल्यावर कुत्रं तार चावत असेल, लाळ गाळत असेल, नखं तुटेपर्यंत ओरबाडत असेल, तर ते हट्ट करत नाही, घाबरलेलं आहे. लगेच दार उघडा, क्रेट बंद करा आणि पशुवैद्यांना ते रेकॉर्डिंग दाखवा. एकटेपणाची भीती पिंजऱ्याने जात नाही, हळूहळू लावलेल्या सवयीने जाते.