वाढलं की वाटणी येतेच

परवा जुने फोटो चाळताना आजीचा एक फोटो सापडला. मिस्सा संपवून चर्चच्या पायऱ्या उतरतानाचा. आणि तिचा तो हट्ट आठवला...

वाडीत माणसं वाढली, रविवारी पुरुषमंडळी बाहेर अंगणात उभी राहू लागली. तेव्हा वाडीसाठी वेगळं चर्च बांधायचं ठरलं. घरापासून पाच मिनिटांवर! जुन्याला जायचं तर तासभर चाल. सगळे खूश, आजी सोडून. "थंय तुझो आजो निजलोहा. माका खंय नेतास?"

आमच्या अख्ख्या मुलखाचीच ही गोष्ट आहे. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधी कलेक्टर कचेरीत काम निघालं की मालवणच्या माणसाला रत्नागिरी गाठावी लागे. चर्चचं तर त्याहून लांब. आमचे बिशप पुण्याला, आणि पुणे धर्मप्रांत १८८६ सालचा. मध्ये सह्याद्रीचा घाट. ५ जुलै २००५ रोजी सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. रत्नागिरी आणि कोल्हापूरही त्यातच. केंद्र सावंतवाडी, पहिले बिशप अँथनी अल्विन बार्रेटो.

ही अडचण नवी नाहीच म्हणा. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत आहे बघा, शिष्य वाढले आणि लगेच कुरकुर सुरू झाली. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं म्हणून. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावलं आणि त्यांच्याकडूनच सात माणसं निवडून घेतली. मला यातली गंमत अशी वाटते, की त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. कामच वाटून दिलं.

आमच्या फादरनीही तेच केलं. आजीसारख्या चार म्हाताऱ्यांना बोलावून विचारलं, काय हवंय? ठरलं ते असं: रविवारची मिस्सा नव्या चर्चमध्ये, मोठं फेस्त मात्र जुन्यात. आणि ज्यांची माणसं तिथल्या सिमेतरीत आहेत, त्यांना जागाही तिथेच.

शेजारचे काका हसून म्हणाले, "आमचा तसाच. चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती मूळ घरातच!"

आजी नव्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागली. काही वर्षांनी गेली, तेव्हा आम्ही तिला जुन्या वाटेनेच नेलं. तासभर चालत.

असो. तुमच्याकडे अशी वाटणी झाली तेव्हा मूळ घरात काय ठेवलंत?