विश्वचषकाचा अधिकार आणि अनवाणी पायांची आख्यायिका

दंतकथा ह्या जुन्याच काळाच्या असतात, असा आपणां इतिहासभक्तांचा एक समज आहे. जी गोष्ट घडली तेव्हां छापखाने चालू होते, तारा जात-येत होत्या, सभांचीं इतिवृत्तें लिहिलीं जात होतीं, तिच्याविषयींहि एखादी लटकी कथा मूळ धरूं शकते, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. अशी एक कथा फुटबॉलच्या खेळासंबंधीं आहे. नागपुरांत काय, कलकत्त्यास काय, मडगांवास काय, ती सर्वत्र एकाच शब्दांत सांगितली जाते. ती अशी कीं, १९५० सालीं ब्राझील देशांत भरलेल्या विश्वचषकाच्या स्पर्धेस भारताचा संघ पात्र ठरला होता. परंतु आपले खेळाडू अनवाणी खेळत. बूट घातल्यावांचून मैदानांत उतरूं देणार नाहीं असें फिफा ह्या जागतिक मंडळानें कळविलें. आणि म्हणून आपला संघ गेला नाहीं.

सनदा व ताम्रपट वाचण्याची संवय असलेल्या आमच्या वाचकांस हा विषय त्रैमासिकास शोभणारा वाटणार नाहीं, अशी शंका आम्हांस आहे. परंतु कथेची परीक्षा करण्याची रीत एकच आहे. मग ती कथा रघूजी भोसल्यांच्या स्वारीची असो वा चेंडूची असो. शिवाय कामठीची छावणी उशाशीं असलेल्या नागपूरकरास हा खेळ परका म्हणवणार नाहीं. तेथील गोऱ्या पलटणी गेल्या, पण खेळ राहिला. आणि कामठीच्या रब्बानी क्लबाचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा फुटबॉलचा रसिक या भागांत विरळा.

वरील कथेचे दोन भाग पडतात. पहिला, भारत पात्र ठरला हा. दुसरा, बुटांवांचून अडला हा. पहिला भाग खरा आहे, दुसरा खोटा आहे. बखरींचा अभ्यास करणारास यांत नवल वाटूं नये. पुष्कळ खोट्या कथा अशाच एका खऱ्या वाक्याच्या आधारानें उभ्या राहतात, आणि खरें वाक्य कोणी तपासून पाहिलें कीं दुसरेंहि त्याच्याच भरंवशावर मान्य होतें.

प्रथम 'पात्र ठरणें' म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द आपण सैलपणें वापरतों. पूर्वमीमांसेंत यासच अधिकार म्हणतात, व जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय याच विचारास वाहिलेला आहे. कोणत्याहि कर्माचा अधिकारी कोण? तर जो अर्थी आहे, म्हणजे ज्यास फळाची इच्छा आहे. जो समर्थ आहे, म्हणजे ज्याचे अंगीं व पदरीं तें कर्म पार पाडण्याचें साधन आहे. आणि ज्यास शास्त्रानें वारिलेलें नाहीं. यांतील एक अंग जरी उणें पडलें तरी अधिकार सिद्ध होत नाहीं. आमच्या मतें १९५० च्या प्रकरणाचा उलगडा करण्यास ही तीन अंगें पुरेशीं आहेत, आणि ज्या अंगाकडे सर्वांचीं बोटें आहेत तें उणें नव्हतेंच.

विश्वचषकाच्या अधिकाराची व्यवस्था एकदम तयार झाली नाहीं. १९३० सालीं उरुग्वे देशांत पहिली स्पर्धा झाली, तेव्हां पात्रतेचे सामने नव्हतेच. आमंत्रणें गेलीं, व जे १३ संघ आले ते खेळले. युरोपांतून चारच संघ आले. १९३४ सालीं इटलींत १६ जागांसाठीं ३२ देशांनीं नांवें नोंदविलीं, तेव्हां चाळण लावणें प्राप्त झालें. त्या वेळीं यजमान इटलीसहि ग्रीसशीं सामना खेळून आपली जागा मिळवावी लागली. उलट पूर्वविजेत्या उरुग्वेनें, युरोपीय संघांनीं चार वर्षांपूर्वीं पाठ फिरविली होती तो राग मनांत धरून, स्पर्धेकडे पाहिलेंहि नाहीं. १९३८ सालीं आशिया खंडांतील पहिला संघ या स्पर्धेंत उतरला तो डच ईस्ट इंडीजचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचा. जपाननें माघार घेतल्यानें त्याला पुढें चाल मिळाली होती. फ्रान्समधील रेंस येथें ५ जून १९३८ रोजीं हंगेरीनें त्याचा ६-० असा पराभव केला, व त्याची स्पर्धा एका सामन्यांतच संपली.

पुढें महायुद्ध आलें, व बारा वर्षें स्पर्धा झाली नाहीं. १९५० च्या स्पर्धेसाठीं ३४ देशांनीं नांवें दिलीं. जागा १६, त्यांपैकीं यजमान ब्राझील व पूर्वविजेता इटली यांच्या दोन सोडून १४ जागांसाठीं गट पाडण्यांत आले. दहाव्या गटांत भारत, ब्रह्मदेश व फिलिपाइन्स होते. कांहीं याद्यांत इंडोनेशियाचेंहि नांव आढळतें. पाठभेद कोणताहि घेतला तरी निर्णय बदलत नाहीं. भारताखेरीज सर्वांनीं माघार घेतली, आणि एकहि सामना न खेळतां जागा भारताच्या वांट्यास आली.

येथें कांहीं लोक नाक मुरडतात, आणि ही पात्रता फुकटची होती असें म्हणतात. त्यांनीं त्या सालची सर्व यादी वाचावी. दक्षिण अमेरिकेंत अर्जेंटिनानें माघार घेतली म्हणून बोलिव्हिया व चिली न खेळतां पात्र झाले. एक्वादोर व पेरू यांनीं माघार घेतली म्हणून पराग्वे व उरुग्वे न खेळतां पात्र झाले. याच उरुग्वेनें १६ जुलै १९५० रोजीं रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला २-१ असें हरवून चषक नेला. त्या सालचा जगज्जेता ज्या दरवाजानें आंत आला त्याच दरवाजानें आपणहि येणार होतों, मग आपल्यालाच तेवढी लाज कां?

आतां बुटांचें प्रकरण. कथेचें बीज १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत आहे. त्या सालीं ३१ जुलै रोजीं इल्फर्ड येथें भारताचा फ्रान्सशीं सामना झाला. स्वतंत्र भारताच्या संघाचा तो पहिलाच ऑलिंपिक सामना होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, किंवा पायांस पट्ट्या गुंडाळून खेळले. दोन पेनल्टी वायां गेल्या. सारंगपाणि रामन यांनीं गोल करून बरोबरी साधली, आणि अगदीं अखेरीस फ्रान्सनें दुसरा गोल करून २-१ असा सामना जिंकला. इंग्रज प्रेक्षकांनीं त्या उघड्या पायांचें मोठें कौतुक केलें. तुम्ही फुटबॉल खेळतां कीं बूटबॉल, अशा अर्थाचा एक विनोद कर्णधार तालिमेरेन आओ यांच्या नांवावर सांगितला जातो. तो त्यांनीं केला असो वा नसो, त्या दौऱ्याची आठवण लोकांच्या मनांत कोणत्या रूपानें राहिली हें त्यावरून समजतें.

आख्यायिका म्हणते कीं, हा देखावा पाहून फिफानें अनवाणी खेळास बंदी केली. या विधानास उत्तर देण्यास कोणाचा दप्तरखाना उघडावयास नको. कालगणना पुरेशी आहे. १५ जुलै १९५२ रोजीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत भारताचा सामना युगोस्लाव्हियाशीं झाला. तो आपण १०-१ असा हरलों. आपला एकुलता एक गोल अहमद खान यांनीं केला. त्या थंडींत व त्या ओलसर मैदानावर आपल्यांतील कित्येक खेळाडू अनवाणीच होते. ऑलिंपिकांतील फुटबॉल फिफाच्याच नियमांनीं चालतो. १९५० सालीं जें निषिद्ध होतें तें १९५२ सालीं त्याच नियमांखालीं कसें चाललें? उत्तरकालीन आचारावरून पूर्वकालीन निषेधाचा अभाव सिद्ध होतो. याहून चांगलें प्रमाण मागणें म्हणजे हट्ट होय. बुटांची सक्ती पुढें झाली ती हेलसिंकीच्या पराभवानंतर, आणि ती भारताच्याच फुटबॉल महासंघानें केली. आख्यायिकेनें ही घरची सक्ती उचलली, दोन वर्षें मागें सारली, आणि परक्याच्या तोंडीं घातली. तिथि व कर्ता दोन्ही बदलले, वस्तु तेवढी कायम राहिली. जुन्या कथांत ही उलथापालथ आम्हीं वारंवार पाहिली आहे.

म्हणजे निषेधाचें अंग निकालांत निघालें. सामर्थ्याचें काय? सोडतींत भारत तिसऱ्या गटांत पडला होता. सोबतीस इटली, स्वीडन आणि पराग्वे. ब्राझीलचा सागरप्रवास कित्येक आठवड्यांचा, व महासंघाची थैली हलकी, हें खरें. परंतु प्रवासखर्चाचा मोठा भाग सोसण्याची तयारी यजमानांनीं दाखविली होती, असें सांगतात. अंतर लांब होतें हें कारणहि एकट्या भारतास लागू नव्हतें. इटलीचा संघ आदल्या वर्षीं ४ मे १९४९ रोजीं सुपेर्गाच्या टेकडीवर झालेल्या विमान-अपघातांत तोरिनोचे खेळाडू गमावून बसला होता. तोहि विमान टाळून जहाजानें गेला. खेळाचें बळ म्हणाल तर पुढच्याच वर्षीं, १० मार्च १९५१ रोजीं, दिल्लीस मेवालाल यांच्या गोलानें इराणला १-० हरवून भारतानें पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. स्वीडन किंवा इटलीपुढें त्या संघाचा निभाव लागला असता असें आम्हांस वाटत नाहीं. पण हरण्यास जितकें सामर्थ्य लागतें तितकें त्याच्यापाशीं खासच होतें.

राहिलें अर्थित्व, म्हणजे इच्छा. आणि सारें येथेंच अडलें. महासंघानें जीं कारणें दिलीं तीं संघनिवडीवरील मतभेद व अपुरा सराव अशीं होतीं. त्यांत पायांचा उल्लेख नाहीं. त्या पिढीचे अग्रगण्य बचावपटू व १९५१ आणि १९५२ च्या संघांचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीं उतारवयांत बुटांचें कारण स्पष्ट नाकारिलें. आम्हांस तेव्हां विश्वचषकाची मातब्बरीच ठाऊक नव्हती, ऑलिंपिक हेंच सर्वस्व वाटे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. आम्हांस ही साक्ष ग्राह्य वाटते. ती उशिराची आहे हा आक्षेप खरा. परंतु साक्षीदार प्रत्यक्ष त्या मंडळींतला आहे, आणि त्याच्या सांगण्यानें त्याचा किंवा त्याच्या सोबत्यांचा मोठेपणा वाढत नाहीं, उलट थोडा कमीच होतो. जो स्वतःस अडचणीचें बोलतो त्याच्यावर विश्वास ठेवावा, हा आमच्या शास्त्रांतला जुना दंडक आहे.

आणि इच्छा उणी पडलेला भारत हा एकटाच देश नव्हता. ब्रिटिश बेटांच्या गटांतून पहिले दोन संघ घ्यावयाचे ठरलें होतें. स्कॉटलंडनें आधींच जाहीर केलें होतें कीं, पहिले आलों तरच जाऊं. १५ एप्रिल १९५० रोजीं ग्लासगोस इंग्लंडनें त्यांस १-० हरविलें. दुसऱ्या क्रमांकानें अधिकार हातीं आला असतांहि हे मानी लोक गेले नाहींत. तुर्कस्तान पात्र होऊन गेला नाहीं. रिकाम्या जागांवर फ्रान्स व पोर्तुगाल यांस बोलाविलें; पोर्तुगाल आला नाहीं, आणि ब्राझीलमधील दोन सामन्यांमधलें अंतर पाहून फ्रान्सनें होकार मागें घेतला. अखेर १६ ऐवजीं १३ संघ खेळले. चौथ्या गटांत तर उरुग्वे व बोलिव्हिया असे दोघेच उरले, व ८-० असा एकच सामना होऊन गट संपला. परंतु स्कॉटलंडनें आपल्या अभिमानाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली, फ्रान्सनें आपल्या कंटाळ्याची सांगितली. आपण मात्र पायांची गोष्ट रचली.

ती कां रुचली हें समजणें कठीण नाहीं. आपल्याच घरांत कोणास त्या स्पर्धेची किंमत कळली नाहीं, हें वाक्य गिळण्यास जड आहे. गोऱ्या मंडळानें गरिबाच्या उघड्या पायांस हिणविलें, हें वाक्य सोपें, शिवाय नुकत्याच स्वतंत्र झालेल्या मनास सुखावणारें. परंतु तें फिफावर जितका अन्याय करितें त्याहून अधिक त्या खेळाडूंवर करितें. ज्यांनीं बूट न घालतां फ्रान्सला अखेरच्या घटकेपर्यंत झुंजविलें, त्यांचे तेच पाय पुढें निमित्त म्हणून वापरले गेले.

'न खेळतां पात्रता' या दरवाजास पुढें कडी बसली. १९५८ च्या स्पर्धेसाठीं आशिया-आफ्रिकेच्या गटांत तुर्कस्तान, इंडोनेशिया, इजिप्त व सुदान यांनीं इस्रायलशीं खेळण्याचें टाळलें, आणि इस्रायल न खेळतां पात्र होण्याच्या बेतांत आला. तेव्हां फिफानें ठरविलें कीं, यजमान व पूर्वविजेता यांखेरीज कोणीहि निदान एक सामना खेळल्यावांचून येऊं नये. चिठ्ठ्या टाकल्या, बेल्जियमनें नकार दिल्यावर वेल्सची चिठ्ठी निघाली. वेल्सनें दोन्ही सामने २-० असे जिंकले, व बाद झालेला तो संघ विश्वचषकांत जाऊन पोंचला. १९५० चा भारत या नियमाखालीं आला असता तर त्यास एक तरी सामना खेळावा लागला असता, आणि खेळल्यावर कदाचित् हौसहि आली असती; पण हा तर्क झाला, इतिहास नव्हे.

भारतास तो योग पुन्हां आला नाहीं. १९५४ च्या स्पर्धेसाठीं केलेला अर्ज फिफानें स्वीकारिला नाहीं. पात्रतेचे सामने आपण प्रथम खेळलों ते १९८५ सालीं, पुढील वर्षींच्या मेक्सिकोच्या स्पर्धेसाठीं, आणि गटांत इंडोनेशियाच्या मागें राहिलों. मधल्या काळांत ऑलिंपिकांत मात्र एक उजळ दिवस येऊन गेला. १९५६ सालीं मेलबोर्न येथें हंगेरी न आल्यानें भारतास पहिल्या फेरींत पुढें चाल मिळाली. आणि १ डिसेंबर रोजीं मूळच्या गोंयच्या व मुंबईस खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनीं तीन गोल करून यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरविलें. ऑलिंपिकांत एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेंत चौथा आला. फुकटच्या चालीनें आलेला संघ काय करूं शकतो याचा हा आपल्या घरचाच दाखला आहे.

आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति. १९५० च्या एप्रिल ते जुलै महिन्यांचीं वृत्तपत्रें, मराठी असोत वा इंग्रजी, हल्लीं रद्दीच्या भावानें जातात. त्यांचा कागद पेशव्यांच्या रुमालांतील कागदापेक्षां लवकर तुटतो. कोणाच्या संग्रहीं त्या महिन्यांचे अंक, खेळाडूंचीं पत्रें किंवा कामठी-नागपूरच्या जुन्या क्लबांचीं इतिवृत्तें असतील तर त्यांच्या नकला करून तिथीसह मंडळाकडे पाठवाव्या. मूळ कागद मालकाकडेच राहूं द्यावे.