दोषांत साठलेला प्रकाश

इटलीतील बोलोन्या नगरात १६०२ च्या सुमारास विन्चेन्झो काशारोलो नावाचा, जोडे शिवून पोट भरणारा एक गृहस्थ राहत असे. त्याला किमयेचा नाद होता. जवळच्या पादेर्नो टेकडीवर सापडलेला जड दगड त्याने सोन्याच्या आशेने कोळशाबरोबर भट्टीत भाजला. सोने मिळाले नाहीच. परंतु उन्हात ठेवून अंधारात नेताच तो दगड निखाऱ्यासारखा चमकू लागला. लोक त्याला ‘सूर्याचा स्पंज’ म्हणू लागले.

तो दगड बॅराइटचा होता. भट्टीत त्याचे बेरियम सल्फाइड झाले. पण एवढ्याने तेज येत नाही. अशा सल्फाइडांचे तेज त्यांतील तांबे, बिस्मथ यांसारख्या धातूंच्या लेशमात्र भेसळीमुळे असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलिप लेनार्ड यांनी दाखविले. बोलोन्याच्या दगडातील तेजही तांब्याचेच, असा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला.

स्फटिकात अणू शिस्तीने रांगा धरून बसलेले असतात. कोठे एखादी जागा रिकामी राहिली, कोठे परका अणू शिरला, की तेथे जणू खळगा पडतो. प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्यात अडकतात आणि उष्णतेच्या धक्क्यांनी हळूहळू सुटून पुन्हा प्रकाश देतात. खळगा उथळ असेल, तर तेज क्षणात संपते. फार खोल असेल, तर इलेक्ट्रॉन नेहमीच्या तापमानाला सुटतच नाहीत. अव्यवस्था बेसुमार वाढली, तर ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. थोडा दोष हवा, पण तो बेताचा हवा.

हा बेत साधेपर्यंत माणसाने जबर किंमत मोजली. जस्ताच्या सल्फाइडचे तेज रात्रभर टिकेना, म्हणून घड्याळांच्या तबकड्यांसाठी त्यात रेडियम मिसळीत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत तबकड्या रंगविणाऱ्या तरुणी कुंचल्याला ओठांनी टोक काढीत. ते विष त्यांच्या हाडांत भिनले आणि कित्येकींना प्राणांस मुकावे लागले.

पुढे जपानी संशोधकांनी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये युरोपियम व डिस्प्रोशियम यांची अल्प भेसळ केली आणि १९९६ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. हा पदार्थ दिवसाचे तेज रात्रभर जपतो. त्याला रेडियमची गरज नाही.

काशारोलो अशुद्धाचे शुद्ध करावयास निघाला होता. त्याच्या हाती मात्र अशुद्धीचाच प्रकाश लागला.